दोहा ते ऑकलंड, मार्गे पर्थ

तिकिटावर लिहिलं होतं की विमान दोह्याहून रात्री दोनला सुटेल आणि ऑकलंडला दुसऱ्या दिवशी पहाटे चारला पोचेल. मी वर्ध्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, मधे किती वेळ गेला, हे बघण्यातच माझी अठ्ठावीस वर्षं गेली. तरी तो कागद हातात धरून मी म्हणालो, "बापरे, सव्वीस तास!"

माझी मुलगी बारावीत आहे. ती हसली. "बाबा, दोन वाजले ते दोह्याचे अन् चार वाजले ते ऑकलंडचे. दोन्हीकडचं घड्याळ वेगळं. मधातले दहा तास काढून टाका."

"काढून टाका म्हणजे? ते गेले कुठी?"

"कुठीच नाई गेले. ते नव्हतेच. प्रवास सोळा तासांचाच आहे."

मग तिनं फोनवर अंतरही काढून दाखवलं. साडेचौदा हजार किलोमीटर, मधे कुठेही न थांबता. आमच्या फळ्यावरची सगळ्यात लांबची गाडीसुद्धा चहाला दोनदा थांबते. मी ते दोन आकडे कागदाच्या मागे लिहून ठेवले आणि बराच वेळ बघत बसलो.

माय दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. विमानात बसणार होती ती, आणि एकटीच. वय अडुसष्ट. तोपर्यंतचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे विहारातल्या बायकांबरोबर रेल्वेनं केलेली बोधगयेची वारी. तिनं मान वर न करताच विचारलं, "सोळा तास म्हणजे दोन ड्युट्या झाल्या नं?"

"हो."

"मंग काय त्याच्यात. दोन दोन ड्युट्या मी उभ्यानं केल्या. इथं तर बसाचंच आहे."

माय सेवाग्रामच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं आया होती. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं अपघात विभागात. पिपरी मेघेला आमचं घर व्हायच्या आधीपासून ती ड्युटीवर जायची, आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी वेळ मोजायची ती ड्युटीच्याच हिशेबानं. भात शिजायला पाव ड्युटी लागते असं ती चेष्टेनं म्हणायची.

तिचं दुसरं कोडं मात्र मलाही सुटलं नाही. मुलीनं नकाशा दाखवला तेव्हा माय म्हणाली, "न्यूझीलंड तर इकडं आहे, उगवतीले. मंग विमान मले पयले मावळतीले काऊन नेते?"

"आजी, तिथं विमान बदलाचं आहे."

"अन् मंग तिथून निघून पुन्हा आपल्याच मुलखावरून जाईन?"

मुलीनं रेघ ओढून पाहिली. खरंच, दोहा ते ऑकलंड सरळ रेघ ओढली तर ती आपल्या देशाच्या खालच्या टोकावरून, मदुरेच्या आसपास जाते. माय शेंगा बाजूला ठेवून हसली. "म्हणजे नागपूरले जाचं तर पयले उलटं पुलगावले जा, अन् मंग वर्ध्यावरूनच नागपूरले जा."

ती चालली होती माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला. बहीण इथेच नर्सिंग शिकली, आधी मुंबईला आणि मग तिकडे गेली. तिचा नवरा तिकडे एका दुधाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. पहिल्या बाळंतपणाला आमच्यापैकी कुणीच जाऊ शकलं नव्हतं, आणि ती गोष्ट बहिणीनं कधी बोलून दाखवली नाही तरी मायच्या मनात काट्यासारखी होती. या वेळी मायनंच जाहीर केलं, "मी जाते." मी सोबत जावं म्हटलं तर रजा नव्हती आणि व्हिसाही वेळेत झाला नसता. चाकाच्या खुर्चीची सोय सांगून ठेवली होती. नागपूर ते मुंबई, मुंबई ते दोहा, दोहा ते ऑकलंड. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तिला न्यायला येणार होतं.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे. जायच्या महिनाभर आधी माय मोरीतून बाहेर येताना चक्कर येऊन खाली बसली होती. पडली नाही, भिंतीला धरून बसली. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, रक्तदाबाची गोळी बदलून दिली, आठवड्यानं परत पाहिलं आणि सांगितलं की प्रवासाला हरकत नाही. तसा कागदही दिला. पण घरी आल्यावर मायनं मला बसवून बजावलं, "तिकडं पोरीले यातलं एक अक्षर सांगाचं नाई. ती तिकीट रद्द करीन."

मी नाही सांगितलं. खोटं बोललो नाही, फक्त सांगितलं नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

नागपूरच्या विमानतळावर दुपारी तिला सोडलं. मुलीनं एका पुठ्ठ्यावर हिंदी-इंग्रजीत वाक्यं लिहून दिली होती: मला शाकाहारी जेवण हवं, मला संडासला जायचं आहे, माझी मुलगी बाहेर उभी आहे. खाली माझा आणि बहिणीचा फोन नंबर. मायनं ते नीट घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवलं आणि आत जाताना मागे वळून बायकोला म्हणाली, "माह्या कुंडीतल्या मिरचीले पाणी टाकत जाजो." खुर्ची ढकलणारी मुलगी तिला घेऊन गेली. काचेपलीकडे तिच्या पांढऱ्या अंबाड्यावरचा रुमाल दिसत होता, मग तोही दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची ड्युटी होती. मुलीनं माझ्या फोनवर विमान दिसेल अशी सोय करून दिली होती. नकाशावर एक पिवळं विमान, त्याच्या मागे रेघ. साडेआठच्या सुमारास आर्वीची गाडी सोडून मी फोन पाहिला, तर ते पिवळं विमान मदुरेच्या वर होतं. मला इतका आनंद झाला की शेजारच्या खिडकीतल्या सहकाऱ्याला मी फोन दाखवला. "हे पाय, माय इथं हाय."

त्यानं चष्मा लावून पाहिलं. "भाऊ, रात्रभर उडून मदुरेलेच पोचली? आपल्या गाडीनं गेली असती तं परवडलं असतं."

नंतर विमान समुद्रावर गेलं आणि रेघ तुटक झाली. मुलीला फोन केला तर ती म्हणाली की समुद्रात टॉवर नसतात, यंत्र अंदाजानं दाखवतं, घाबरू नका. मी गाड्या सोडत राहिलो. हिंगणघाट, देवळी, सेलू. मधेच फोन बघायचो. पाण्यावर एकटंच ते विमान. त्याच्या खाली काही नाही, बाजूला काही नाही.

अडीच वाजता घरी आलो. हात धुतले, बायकोनं ताट वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. पहिला घास घेण्याआधी मी फोन भिंतीला टेकवून समोर ठेवला. विमानाला आता ऑस्ट्रेलियाचा किनारा लागला होता, रेघ पुन्हा सलग झाली होती. सोळातले दहा तास संपले होते. मी मनात म्हटलं, एक ड्युटी झाली, वर दोन तास.

आणि माझ्या डोळ्यांदेखत विमानाचं तोंड फिरलं.

जरासं नाही. सरळ चाललेली गाडी फाट्यावरून वळावी तसं ते उजवीकडे वळलं आणि खाली, दक्षिणेकडे जाऊ लागलं. मला वाटलं फोनचीच काही गडबड आहे. मुलीला हाक मारली. तिनं फोन हातात घेतला, बोटांनी नकाशा मोठा केला, लहान केला, आणि तिचा चेहरा मला आवडला नाही.

"काय झालं?"

"बाबा, हे पर्थकडे चाललं आहे."

"पर्थ कुठी आहे?"

"ऑस्ट्रेलियातच. पण रस्त्यात नाई येत ते."

अठ्ठावीस वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. गाडी रस्ता सोडून जाते ती कारणाशिवाय जात नाही. बिघाड तरी असतो, नाहीतर गाडीत कुणाचं तरी काहीतरी झालेलं असतं. बसमध्ये कुणाला कमी-जास्त झालं की चालक गाडी थेट सरकारी दवाखान्याच्या फाटकात नेतो. मला काय सुचलं ते बायकोनं माझ्या तोंडावरून ओळखलं. तिनं ताटावर दुसरं ताट झाकलं.

"बहिणीले फोन करता का?"

"नाई," मी म्हणालो. तिकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. नववा महिना भरत आलेला. झोपली असेल. तिला उठवून काय सांगायचं? की विमान वळलं?

मी जावयाला, बहिणीच्या नवऱ्याला, फोन केला. तो जागाच होता, पहाटे विमानतळावर जायचं म्हणून गाडीत ब्लँकेट ठेवत होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, मी विमानाच्या कंपनीले विचारतो. पाच मिनिटं द्या."

ती पाच मिनिटं वीस झाली. तेवढ्यात शेजारच्या काकू फाटकाशी आल्या आणि विचारलं, "माय पोचली का जी?" मी म्हणालो, "येऊन राह्यली बातमी." हे वाक्य मी रोज खिडकीतून म्हणतो. गाडी कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नसतं तेव्हा म्हणतो. म्हणताना माझा आवाज मलाच ऐकवला नाही.

जावयाचा फोन आला. "विमान पर्थले उतरवून राह्यले. एका पॅसेंजरची तब्येत बिघडली म्हणे."

"कोणाची?"

"ते नाई सांगत."

"बाई आहे का माणूस, तेवढं तरी?"

"भाऊ, मी लय विचारलं. नाईच सांगत."

मी फोन ठेवला. मुलगी म्हणाली, "बाबा, विमानात तीनशेच्या वर माणसं असतात. त्यात आजीच काऊन असन?" तिचं गणित बरोबर होतं. पण त्या तीनशेत अडुसष्ट वर्षांच्या, रक्तदाबाच्या, महिन्यापूर्वी भिंतीला धरून खाली बसलेल्या बाया किती, हे गणित ती करत नव्हती. मी करत होतो. माझ्या डोळ्यांसमोर ती मोरीची भिंत होती, आणि तिथं मायच्या ओल्या हाताचा उठलेला ठसा.

बायको माझ्यासमोर बसली. तिनं आवाज चढवला नाही. "अहो, ती चक्कर सांगा जावईबापूले. आत्याबाई असतीन तं तिथल्या डॉक्टरले कामी पडन. अन् नसतीन तं तुमचं मन तरी मोकळं होईन."

"बहिणीच्या कानावर गेलं तं?"

"जाऊ द्या. तिच्या मायची गोष्ट आहे."

मी पुन्हा जावयाला फोन लावला. "जावईबापू, एक गोष्ट तुमच्यापासून लपवली." आणि सगळं सांगून टाकलं. मोरी, चक्कर, बदललेली गोळी, डॉक्टरचा कागद, मायनं घातलेली अट.

पलीकडून बहिणीचा आवाज आला. "दादा, मी ऐकून राह्यली."

ती उठून स्वयंपाकघरात आली होती आणि जावयानं फोन टेबलावर ठेवला होता. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "गोळी कोणती? किती पावरची?" मी फ्रिजवरचा कागद आणून वाचला. "शेवटचं बीपी किती निघालं?" तेही सांगितलं. "ईसीजी काढला होता? काही म्हणाले?" नॉर्मल म्हणाले होते. "शुगर?" नाही. ती एकेक विचारत गेली, लिहून घेत गेली. तिचा आवाज अगदी वॉर्डातल्या सिस्टरसारखा होता, घाई नाही, रडणं नाही. सगळं झाल्यावर म्हणाली, "असं पाहिलं तर मले नाई वाटत की मायच असन. पण पर्थच्या विमानतळावर हे कळवाची सोय होते का, ते पाहाले सांगतो मी यांना." आणि मग, "तुम्ही लोकं मले काय काचेचं भांडं समजले का रे? मी रोज असेच पेशंट पाहून राह्यली."

"मायनं शपथ घातली होती."

"माय तं घालनच. तू काऊन घेतली?"

खरं सांगतो, तिनं झापलं तेव्हाच छातीवरची अर्धी धोंड उतरली होती. विमान कुठे आहे ते कळलं नव्हतं, माय कशी आहे ते कळलं नव्हतं. फक्त आता मी एकटाच ते घेऊन बसलेलो नव्हतो.

चार वाजता नकाशावरचं विमान पर्थला टेकलं. त्याचा रंग फिका झाला आणि ते हलायचं थांबलं. आम्ही तिघं त्या न हलणाऱ्या चित्राकडे बघत बसलो. बायकोनं चहा केला, तो कुणी प्यालं नाही. मुलगी आजीच्या फोनवर फोन लावत होती, तो बंद होता. विमानात बसल्यावर बंद करायचा आणि पोचल्यावर पोरगी सुरू करून देईल असं आम्हीच तिला शिकवलं होतं.

पावणेपाचला माझा फोन वाजला. लांबलचक परदेशी नंबर. मी उचलून कानाला लावला.

पलीकडून मोठ्यानं, लाउडस्पीकरवर बोलावं तसं, "हॅलो! ऐकू येऊन राह्यलं का? मी बोलून राह्यली!"

"माय!"

"हो. विमान मधातच थांबलं. आता निघते म्हणतात. पोरीले सांग, मले उशीर होईन, ती तिथं उभी राहीन तं पाय सुजतीन तिचे."

"माय, तू बरी आहे नं?"

"मले काय धाड भरली? माह्या बाजूच्या बाबाले अटॅक आलता."

मी तिथेच ओट्यावर बसलो. मुलीनं माझ्या हातातून फोन घेऊन स्पीकर लावला. बायकोनं पदर तोंडाला लावला होता आणि ती हसत होती का रडत होती ते मला कळेना. बहुधा दोन्ही. माय बोलतच होती. "हा फोन एका पंजाबी पोरीचा आहे, तिचा जास्त वापराले बरं नाई वाटत. ठेवतो. मिरचीले पाणी टाकलं का?"

"टाकलं, आत्याबाई," बायको म्हणाली. टाकलं नव्हतं. फोन ठेवल्याबरोबर ती उठली आणि तांब्या भरून अंगणात गेली.

मी बहिणीला फोन केला. मी बोलायच्या आतच ती ओरडली, "दादा, मलेही आलता आताच!" त्या पंजाबी पोरीनं पुठ्ठ्यावरचे दोन्ही नंबर लावले होते. मग माझी बहीण, जिनं गोळीची पावर विचारताना एक अश्रू काढला नव्हता, ती फोनवर हुंदके देऊन रडली आणि मी इकडून, "अगं, पोटातल्याले त्रास होईन," एवढंच म्हणत राहिलो.

मग भूक लागली. अडीच वाजताचं झाकलेलं ताट मी पाच वाजता उघडलं. भाकरी वाळून चामड्यासारखी झाली होती, वांग्यावर तेलाचा थर आला होता. बायको म्हणाली, गरम करून देते. मी थांबलो नाही. तशीच खाल्ली, आणि वर अजून एक मागितली.

विमान साडेसहाला पर्थहून उठलं. तिथून ऑकलंड अजून साडेसहा तास होतं. म्हणजे सोळाचे एकूण साडेवीस होणार होते. पण आता मला त्याची फिकीर नव्हती. नऊ वाजता मी अंथरुणावर पडलो आणि असा झोपलो की मुलीनं नंतर सांगितलं, तुमच्या घोरण्यानं मला अभ्यास करता आला नाही. सकाळी उठून पाहिलं तर फोनवर फोटो आलेले. ऑकलंडचा विमानतळ, लख्ख उजेड. चाकाच्या खुर्चीत माय, मांडीवर जुन्या लुगड्यांच्या गोधडीचं गाठोडं, आणि तिच्या गळ्यात पडायला वाकू न शकणारी माझी बहीण तिच्या शेजारी गुडघ्यावर बसलेली.

काय घडलं होतं ते आम्हाला पुढच्या चार-पाच दिवसांत तुकड्या-तुकड्यानं कळलं, कारण माय कुठलीच गोष्ट सलग सांगत नाही. तिच्या शेजारी एक म्हातारा गोरा बसला होता. एकटाच होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. जेवणाच्या वेळी मायला डब्याचं झाकण उघडेना तेव्हा त्यानं उघडून दिलं होतं, आणि त्याला थंडी वाजली तेव्हा मायनं आपली चादर त्याच्या पायावर टाकली होती. एवढीच ओळख. नंतर सगळे झोपलेले असताना माय जागी होती. तिनं पाहिलं, म्हातारा कपाळ पुसतो आहे. विमानात एवढी थंडी आणि याला घाम. मग तो जबडा चोळायला लागला. मग उठून संडासकडे निघाला.

"असे लय पाहिले मी," माय म्हणाली. "माणसाले वाटते ग्यास झाला, संडासले जाऊन येतो. अन् तिथंच पडते. मी त्याचा हात धरला अन् बसवलं खाली. तो म्हणे नो, नो. म्या म्हटलं, काय नो? बस."

बेलचं बटन तिला सापडेना. एक दाबलं तर दिवा लागला, दुसरं दाबलं तर समोरचा टीव्ही सुरू झाला. मग तिनं जे बत्तीस वर्षं केलं तेच केलं. पूर्ण आवाजात हाक मारली, "सिस्टर!"

ती हाक विमानभर गेली असणार. हवाईसुंदरी धावत आली, दोन ओळी मागची पंजाबी मुलगीही उठली. आधी सगळ्यांना वाटलं या आजीलाच काही झालं. मायनं म्हाताऱ्याच्या छातीकडे बोट दाखवलं, त्या मुलीला हिंदीत सांगितलं, "इनको अटॅक है, डॉक्टर बुलाओ, चलने मत देना." एक डॉक्टर होते विमानात. त्यांनी गोळी दिली, प्राणवायू लावला आणि विमान वळवायला सांगितलं. पर्थ येईपर्यंत दीड तास म्हाताऱ्यानं मायचा हात सोडला नाही. मायनंही सोडवून घेतला नाही. तिला म्हणे लघवीला लागली होती, तरी बसून राहिली.

बहिणीनं विचारलं, "माय, तुले भेव नाई वाटलं?"

"भेव कायचं? तिथं तं डॉक्टर होता. आमच्या ड्युटीत कधी कधी डॉक्टर याच्या आधी मीच असो."

दहा-बारा दिवसांनी पंजाबी मुलीच्या मार्फत त्या म्हाताऱ्याच्या लेकीचा फोन बहिणीकडे आला. पर्थमध्ये त्याच्या हृदयात जाळी बसवली होती, आठवड्यानं तो आपल्या गावी गेला होता, आता घराच्या अंगणात फिरतो. ती बाई बोलताना रडत होती म्हणे. बहिणीनं सगळं मायला सांगितलं. माय ऐकून म्हणाली, "त्याले म्हणा, जिना चढू नको एवढ्यात." आणि भाताचं झाकण काढायला उठली.

त्यानंतर तीन दिवसांनी भाचीचा जन्म झाला. सुखरूप. वजन चांगलं, आवाज मोठा. माझ्या बहिणीनं कळवलं की बाळंतपणाच्या खोलीत मायला आत येऊ दिलं आणि माय तिथल्या नर्सना हातानं खुणा करून काहीतरी शिकवत होती, नि त्या ऐकतही होत्या.

मी चक्कर लपवली याबद्दल बहीण मला अजून अधूनमधून टोमणे मारते. मारू दे. तिनं आता एक नियम केला आहे. मायची गोळी, बीपी, तपासणी, सगळं दर रविवारी फोटो काढून तिला पाठवायचं. माय परत आल्यावरही चुकवायचं नाही. मी कबूल केलं आहे, आणि हे कबूल करताना मला ओझं वाटलं नाही. उलट वर्षानुवर्षं एकट्यानं उचलत आलेलं काहीतरी दोघांनी मिळून धरल्यासारखं वाटलं.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल लागला तेव्हा इथे सकाळ होती आणि तिकडे दुपार. माय अंगणात दुपटी वाळत घालत होती. बहिणीचं घर लाकडी, मागे हिरवं गवत आणि दोरी. तिनं फोन उलटा-सुलटा धरून आम्हाला आभाळ दाखवलं, मग स्वतःचा एक कान दाखवला, मग चेहरा.

"एक गोष्ट सांगतो," ती म्हणाली. "इथं सूर्य उगवते उगवतीलेच, पण दुपारी उत्तरेकडून जाते. म्या पयल्या दिवशी दुपटे दक्षिणेकडं टाकले, आपल्यासारखे. दिवसभर वाळलेच नाई."

"मंग?"

"मंग काय, दोरी बदलली," असं म्हणून तिनं पुढचं दुपटं झटकलं आणि दोरीवर टाकलं.